इंडोनेशियाची कादंबरी आणि घरी परतणारे कैदी

एका वाचकाने विचारलं आहे: "१९६५ नंतर इंडोनेशियात लाखो माणसं खटला न चालवता डांबली गेली, परदेशात असलेल्या अनेकांची परतीची वाट बंद झाली. तिथल्या कथा-कादंबऱ्यांत हे सगळं कसं येतं? आणि ज्याला ती भाषा येत नाही त्याने कुठून वाचायला घ्यावं?"

आग्नेय आशियातलं साहित्य मी बरीच वर्षं शिकवते आहे आणि हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे, म्हणून उत्तर लांबणार. मला दिसतं ते आधी सांगून टाकते. तुरुंगातल्या कोठडीची, छळाची वर्णनं या कादंबऱ्यांत आपल्याला वाटतं त्यापेक्षा कमी आहेत. त्यांचा जीव अडकलेला असतो तो परतणाऱ्या माणसात, त्याची वाट पाहणाऱ्या बाईत, नाहीतर बापाचं नाव लपवून वाढलेल्या मुलात. आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: या साहित्याने राजकीय कैद्याला घरात परत घेतलं, पण बहुतेक वेळा तो निरपराध होता, भोळा होता, चुकून सापडला होता, असं म्हणूनच घेतलं. ज्याने विचारपूर्वक लाल झेंडा हाती धरला, तो माणूस अजून बराचसा दाराबाहेरच उभा आहे.

हे का झालं ते कळायला थोडी पार्श्वभूमी हवी. १ ऑक्टोबर १९६५च्या पहाटे जकार्तात सैन्यातल्याच एका गटाने सहा जनरल आणि एका लेफ्टनंटचा खून केला. जनरल सुहार्तोंनी सूत्रं हाती घेतली आणि सगळा ठपका कम्युनिस्ट पक्षावर ठेवला. तोवर हा पक्ष कायदेशीर होता, उघडपणे काम करत होता, त्याचे सभासद लाखांच्या घरात होते. पुढच्या काही महिन्यांत पाच ते दहा लाख माणसं मारली गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. जी जिवंत राहिली त्यांतल्या लाखोंना स्थानबद्ध केलं. त्यांचे अ, ब, क असे वर्ग पाडले. 'अ' वर्गावर खटले चालले. 'ब' म्हणजे ज्यांच्यावर खटला भरण्याइतका पुरावा नाही पण सोडायचंही नाही असे. त्यांतल्या सुमारे बारा हजार पुरुषांना १९६९पासून मालुकू द्वीपसमूहातल्या बुरू बेटावर नेलं. जंगल तोडणं, रस्ते बांधणं, भातशेती उभी करणं, आणि स्वतः पिकवलं तर खाणं, असं तिथलं जगणं होतं. शेवटचे कैदी १९७९मध्ये सुटले. सुटल्यावर ओळखपत्रावर 'ईटी' ही अक्षरं आली, म्हणजे माजी राजकीय कैदी. सरकारी नोकरी नाही, शिक्षकाची नोकरी नाही. त्यांच्या मुलांनाही 'स्वच्छ घरातली' नसल्याचं सांगून नोकऱ्या नाकारल्या गेल्या.

बहुतेकांवर खटलाच झाला नाही, म्हणजे जबानी नाही, उलटतपासणी नाही, निकालपत्र नाही. शाळेच्या पुस्तकात एकच बाजू. १९८४मध्ये आलेला सरकारी चित्रपट दर ३० सप्टेंबरला दाखवला जायचा, तो शाळकरी मुलांना सक्तीने पाहावा लागे. अशा देशात माणसांचं काय झालं हे सांगायचं काम कादंबरीवर येऊन पडलं.

हद्दपारीची ही परंपरा मात्र सुहार्तोंच्याही आधीची आहे. १९२६-२७चा कम्युनिस्ट उठाव मोडल्यावर डच सरकारने पापुआच्या आत, दिगूल नदीच्या वरच्या अंगाला बोवेन दिगूल ही वसाहत उभारली आणि हजाराहून अधिक लोकांना तिथे नेऊन टाकलं. भोवती भिंतीची गरजच नव्हती. जंगल आणि मलेरिया पुरेसे होते. पुढे देशाचे उपराष्ट्राध्यक्ष झालेले मोहम्मद हट्टा आणि पंतप्रधान झालेले शहरीर दोघेही तिथे राहिले. या दिगूलवर क्वी तेक होय या चिनी-मलय लेखकाने १९२९पासून एक लांबलचक कादंबरी मासिकातून चालवली होती. म्हणजे हद्दपार माणूस हा इंडोनेशियन कादंबरीचा जुना नायक आहे. स्वातंत्र्यानंतर फरक एवढाच पडला की हद्दपार करणारं सरकार आपलंच होतं, आणि त्यामुळे त्या माणसाला नायक म्हणणं धोक्याचं झालं.

आता कादंबरीकार प्रामुद्या अनंता तूर. १९२५मध्ये ब्लोरा गावी जन्म, २००६मध्ये मृत्यू. डचांनी १९४७मध्ये पकडलं, पहिले राष्ट्राध्यक्ष सुकर्णो यांच्या काळात १९६०मध्ये चिनी वंशाच्या नागरिकांची बाजू घेतली म्हणून आत गेले, आणि १३ ऑक्टोबर १९६५ला सुहार्तोंच्या सैनिकांनी घरातून उचललं. घरातली ग्रंथसंपदा आणि हस्तलिखितं नष्ट झाली. पुढची चौदा वर्षं कैदेत, त्यातली दहा बुरूवर. असा माणूस बुरूवर बसून काय लिहितो? बुरूबद्दल काहीच नाही. तो १८९८ सालच्या सुराबायातल्या एका शाळकरी तरुणाची गोष्ट लिहितो.

ही गोष्ट चार खंडांची. 'बुमी मानुसिया' या पहिल्या खंडाच्या शेवटच्या पानावर लेखकाने दोन नोंदी ठेवल्या आहेत: बुरू बेट, तोंडी, १९७३, लेखी, १९७५. मी वर्गात नेहमी या दोन नोंदींपाशी थांबते. कागद-लेखणीला बंदी होती तेव्हा ही कादंबरी दिवसभर राबून आलेल्या कैद्यांना सांगितली गेली, त्यांच्याकडून पुढच्या बराकींत पोहोचली. म्हणूनच तिची रचना कानाने ऐकायच्या गोष्टीची आहे. प्रकरणं उत्कंठेवर तुटतात. पात्रं लांब, ठासून बोलतात. न्याई ओन्तोसोरो ही डच मळेवाल्याला विकली गेलेली, स्वतः शिकून त्याचा सगळा धंदा चालवणारी बाई. ती पुन्हा पुन्हा अन्यायाची उजळणी करते, कारण ऐकणाऱ्याला आधीचं पान उलटून बघता येत नाही. शेवटी ती डच न्यायालयात हरते, पोटची मुलगी हातातून जाते. पण आपण लढलो, जमेल तेवढं चांगलं आणि सन्मानाने लढलो, असं ती जावयाला सांगते. हे ऐकणारे कोण होते हे आठवलं की त्या वाक्याचं वजन कळतं. त्यांना न्यायालयाचं दारही दिसलं नव्हतं.

हा जावई म्हणजेच कथेचा नायक मिंके. तो तिर्तो आधी सूर्यो या खऱ्या पत्रकारावर बेतलेला आहे. देशी वृत्तपत्रं काढणारा हा माणूस, डचांनी त्याला हद्दपार केलं आणि १९१८मध्ये तो विस्मृतीत मेला. प्रामुद्यांनी स्वतःच्या हद्दपारीबद्दल एक अक्षरही न लिहिता, हद्दपार करून पुसून टाकलेल्या दुसऱ्या एका माणसाला परत उभं केलं. चौथ्या खंडात, 'रुमाह काचा'मध्ये, ते आणखी पुढे जातात. तिथे मिंके बोलतच नाही. निवेदन जातं जाक पांगेमानान या पोलीस अधिकाऱ्याकडे. हा देशीच माणूस आहे, फ्रान्समध्ये शिकलेला, मनातून मिंकेचा आदर करणारा, आणि कामाने त्याचा घास घेणारा. नायक आता एक फाईल होऊन राहिला आहे. त्याची पत्रं, त्याच्या सभा, त्याचे मित्र, सगळं त्या अधिकाऱ्याच्या टेबलावर. ज्याचं स्वतःचं आयुष्य कुणाच्यातरी फायलीत बंद होतं, त्या कैद्याने फाईल लिहिणाऱ्याच्याच हातात लेखणी दिली. कैदेबद्दल एवढं खोल लिहिलेलं मी दुसरीकडे क्वचितच वाचलं आहे, आणि त्यात बुरूचं नावही नाही.

१९८०मध्ये पहिला खंड आला. तो काढणारी 'हास्ता मित्रा' ही प्रकाशन संस्थाही सुटलेल्या कैद्यांचीच होती. १९८१मध्ये महाधिवक्त्याच्या आदेशाने पहिल्या दोन्ही खंडांवर बंदी आली. तरी ती पुस्तकं झेरॉक्स होऊन फिरत राहिली, आणि ती वाटल्याबद्दल योग्यकार्तातले विद्यार्थी तुरुंगात गेले. बुरूबद्दल थेट लिहिलेलं प्रामुद्यांचं पुस्तक नंतर, १९९५मध्ये आलं. त्यात मुलांना लिहिलेली, कधीच टपालात न पडलेली पत्रं आहेत आणि शेवटी बेटावर मेलेल्या व बेपत्ता झालेल्या कैद्यांची यादी आहे. ती यादी मी ओलांडून जाऊ शकत नाही. नाव, मग पुढचं नाव.

एक गोष्ट इथेच सांगते, नाहीतर चित्र एकांगी होईल. १९९५मध्ये प्रामुद्यांना मॅगसेसे पुरस्कार जाहीर झाला तेव्हा इंडोनेशियातल्याच बऱ्याच लेखकांनी निषेध केला, आणि मोख्तार लुबिस या ज्येष्ठ पत्रकार-कादंबरीकाराने स्वतःचा पुरस्कार परत केला. लुबिस स्वतः सुकर्णोंच्या काळात वर्षानुवर्षं बंदिवासात होते. त्या दिवसांत डाव्या लेखकसंघाच्या बाजूने प्रामुद्यांनी विरोधी लेखकांवर केलेले प्रहार त्यांना विसरता आले नव्हते. मला पुरस्कार योग्यच वाटतो. पण लुबिसांची जखम खोटी होती असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सुहार्तोंच्या राज्यात बाहेर राहून लिहिणाऱ्यांनी काय केलं? त्यांना वाट काढावी लागली. उमर कायाम यांची 'बावुक' ही दीर्घकथा १९७०च्या सुमाराची. बड्या घरची मुलगी कम्युनिस्टाच्या प्रेमात पडते, पक्ष फुटतो-मोडतो, नवरा फरार होतो. ती मुलांना आईच्या घरी सोडते आणि त्याला शोधायला निघते. भाऊ-बहिणी समजावतात की राहा, आम्ही सांभाळू. ती जाते. राजकारणावर कायाम फारसं बोलत नाहीत, नवऱ्याची बाजूही मांडत नाहीत. पण आई मुलीला अडवत नाही. बस, एवढंच. त्या वर्षी एवढं छापणं ही मोठी गोष्ट होती.

अहमद तोहारींची 'कुबाह' १९८०ची. बारा वर्षं कैदेत काढून कारमान गावी येतो. तुरुंगाच्या फाटकाबाहेर पाऊल टाकायलाही त्याचे पाय धजत नाहीत. बायकोने दुसरं लग्न केलेलं आहे. शेवटी गावच्या मशिदीचा घुमट तो स्वतःच्या हातांनी बनवतो आणि गाव त्याला आपलं म्हणतं. कादंबरीत कम्युनिस्ट कार्यकर्ते कपटी आहेत, कारमान त्यांच्या नादी लागून फसलेला आहे. आजच्या वाचकाला हे खटकतं, मलाही खटकतं. तरी हेही लक्षात घ्या की ज्या वर्षी शेवटचे कैदी नुकतेच गावोगाव पोहोचत होते, शेजारी त्यांच्याशी बोलायला घाबरत होते, त्याच सुमारास एक मुस्लिम लेखक सांगत होता की या माणसाला परत घ्या. अट एकच, त्याने पश्चात्ताप करायचा.

तोहारींचीच 'रोंगेंग दुकुह पारुक' ही तीन भागांची कादंबरी याहून कितीतरी मोठी. स्रिंतिल ही गावची नर्तकी. पक्षाच्या सभांत तिचा नाच ठेवला जायचा, एवढ्यावरून तिला आत टाकतात, वस्ती जाळली जाते. तिला राजकारण कळतही नाही. तरीही काही पानं गाळूनच ती छापावी लागली. गाळलेली पानं परत आली २००३मध्ये, सुहार्तो गेल्यानंतर पाच वर्षांनी.

२१ मे १९९८ला सुहार्तोंनी पद सोडलं आणि हळूहळू बांध फुटला. कादंबरीकार एका कुर्नियावान ('एका' हे त्यांचं नाव) यांच्या 'चांतिक इतु लुका'मधला (२००२) एक प्रसंग मी कायम सांगते. कॉम्रेड क्लिवोन हा गावचा कम्युनिस्ट नेता १ ऑक्टोबरच्या सकाळी ओसरीवर बसून वर्तमानपत्रांची वाट बघतो. वर्तमानपत्रं येत नाहीत. जकार्तात काहीतरी झालं आहे, माणसं येऊन सांगतात, कत्तलीच्या बातम्या येतात, आणि हा आपला पेपरवाल्याची वाट बघत बसून आहे. लष्कराने वृत्तपत्रं बंद पाडली होती हे इतिहासात एका ओळीत येतं. इथे ती ओळ एक माणूस होऊन बसून राहते. पुढे क्लिवोन बुरूला जातो, परत येतो, आणि मेलेल्या कम्युनिस्टांची भुतं लष्करी अधिकाऱ्याला झोपू देत नाहीत. मी वर म्हटलं की विचाराने कम्युनिस्ट असलेला नायक दुर्मीळ आहे. क्लिवोन तो अपवाद.

२०१२मध्ये दोन कादंबऱ्या जवळजवळ एकाच वेळी आल्या, दोन्ही बायकांनी लिहिलेल्या. लैला चुदोरी यांची 'पुलांग' परदेशात अडकलेल्यांची. पत्रकार दिमास सूर्यो सप्टेंबर १९६५मध्ये सांतियागोला परिषदेला गेलेला असतो. पारपत्र रद्द होतं. हवाना, पेकिंग करत तो पॅरिसला पोहोचतो आणि तीन मित्रांबरोबर इंडोनेशियन खानावळ काढतो. घरात काचेच्या बरण्यांत हळद आणि लवंगा भरून ठेवतो, स्वयंपाकाला नव्हे, वास घ्यायला. दरवर्षी वकिलातीकडे व्हिसा मागतो, दरवर्षी नकार. जकार्तातल्या कारेत दफनभूमीत आपल्याला पुरावं एवढीच इच्छा उरते. त्याची फ्रेंच आईची मुलगी मे १९९८च्या पेटत्या जकार्तात पोहोचते, बापाचा देश पहिल्यांदा बघते.

ती खानावळ खरी होती. पॅरिसच्या व्होजिरार रस्त्यावर १९८२मध्ये सोब्रोन आईदित, उमर सईद आणि इतर परागंदा मंडळींनी ती काढली. सोब्रोन हे पक्षाचे नेते आईदित यांचे भाऊ. त्यांनी या दुकानावरच्या गोष्टींचं पुस्तक लिहिलं, ज्यात इंडोनेशियाचे हेर येऊन जेवतात आणि कान टवकारून बसतात. चुदोरींच्या कादंबरीपेक्षा हे लेखन कमी घोटीव आहे, पण त्यात घाम आहे. घराचा हुंदका काढायला सोब्रोनना वेळ नाही, गिऱ्हाईक आलेलं असतं. दोन्ही जोडीने वाचावीत असं माझं मत. आणि माझी तक्रारही इथेच: चुदोरींचा दिमास पक्षाचा नाहीच, तो दोन्ही दगडांवर पाय ठेवून असलेला, साहित्यात रमणारा माणूस आहे. पॅरिसला पोहोचलेल्या खऱ्या मंडळींत निष्ठावान कार्यकर्तेही होते. त्यांची विचारसरणी कादंबरीत पातळ होऊन जाते.

लक्ष्मी पामुंचाक यांची 'अंबा' ही मराठी वाचकाला सगळ्यांत लवकर उघडेल, कारण कथेचा सांगाडा महाभारताचा आहे. अंबा, भीष्म, शाल्व ही नावं तशीच आहेत, फक्त उच्चार जावाचे. जावाच्या वायांगमध्ये, म्हणजे छायाबाहुल्यांच्या खेळात, ही गोष्ट आपल्यासारखी नाही. तिथे भीष्म अंबेला दूर सारायला बाण रोखतो, तो चुकून सुटतो आणि तीच मरते. तिची ओढ पुढे श्रीकंडीत (आपल्या शिखंडीत) उतरते, आणि तिथली श्रीकंडी पुरुष होत नाही, धनुर्धर स्त्रीच राहते. कादंबरीतली अंबा शाल्वशी वाङ्‌निश्चय झालेला असताना लाइपझिगहून शिकून आलेल्या डॉक्टर भीष्माच्या प्रेमात पडते. योग्यकार्तातल्या एका धाडीत तो हरवतो. २००६मध्ये, साठी ओलांडलेली अंबा बुरूला जाते. तिला कळतं की सगळे सुटले तेव्हा भीष्म परतलाच नाही. तो बेटावरच राहिला, तिथल्या लोकांवर उपचार करत. तिला लिहिलेली आणि बांबूच्या नळ्यांत दडवलेली त्याची पत्रं तेवढी तिच्या हाती लागतात.

आजन्म व्रताला बांधलेला भीष्म आणि बेटाला बांधून घेतलेला कैदी, ही सांगड लेखिका ओढूनताणून घालत नाही. पण वाचताना मला सतत एकच वाटत होतं. आपल्या महाभारतात अंबेला न्याय मागायला पुढचा जन्म घ्यावा लागतो. इथे ती याच जन्मात, म्हातारपणी, जहाजाचं तिकीट काढून निघते. भीष्मही मोठा क्रांतिकारक वगैरे नाही, संशय घेणारा डॉक्टर आहे. पुन्हा तोच नमुना.

हा नमुना का सुटत नाही? १९६६चा मार्क्सवादावर बंदी घालणारा ठराव अजून लागू आहे. बालीतल्या उबुदच्या २०१५च्या लेखक महोत्सवात १९६५वरचे कार्यक्रम दबावाखाली रद्द करावे लागले. लेखकाला भीती असतेच, पण त्याहून मोठं कारण मला वाचकाचं वाटतं. चाळीस-पन्नास वर्षं द्वेष शिकवलेल्या वाचकाचं मन आधी निरपराध माणसासाठीच हलतं. लेखिकांनी ते दार आधी उघडलं, यात दोष देण्यासारखं नाही. पण निरपराध होता म्हणून अन्याय झाला, एवढ्यावर थांबलं तर अपराधी ठरवलेल्याला खटल्याशिवाय दहा वर्षं बेटावर टाकणं बरोबर ठरतं की काय?

दुसरी मोठी पोकळी बायकांची. मध्य जावातल्या प्लांतुंगान इथे बायकांची छावणी होती. स्त्री संघटना गेरवानीबद्दल सैन्याने जी किळसवाणी खोटी वर्णनं पसरवली, ती दोन पिढ्यांनी खरी मानली. त्या बायकांनी स्वतः आठवणी लिहिल्या. मिया बुस्ताम, सुलामी, सुजिना यांची पुस्तकं आहेत. कादंबरी मात्र अजून प्लांतुंगानच्या आत फारशी शिरलेली नाही. बायका दिसतात त्या बाहेर थांबलेल्या.

पुढची पिढी आता १९९७-९८मध्ये सैन्याने उचललेल्या तरुण कार्यकर्त्यांकडे वळली आहे. कवी विजी थुकुल यांच्यासह तेरा जण आजही बेपत्ता आहेत. चुदोरींच्या 'लाउत बर्चेरिता'त (२०१७) समुद्राच्या तळाशी गेलेला तरुण आपली गोष्ट सांगतो, आणि उत्तरार्धात त्याच्या घरी बाप दर रविवारी चौथी थाळी मांडतो. हे पुस्तक तिथले विद्यार्थी प्रचंड वाचतात. बेपत्तांचे नातेवाईक २००७पासून दर गुरुवारी काळ्या छत्र्या घेऊन राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर उभे राहतात, त्यांच्यात आता ही वाचणारी मुलंही दिसतात.

कुठून सुरू करावं? या मोठ्या पुस्तकांची इंग्रजी भाषांतरं मिळतात. 'अंबा' आधी घ्या, नावं ओळखीची असल्याने परकेपणा लवकर जातो. मग 'पुलांग'. तिसरी 'रोंगेंग', कारण शहरी, शिकलेल्या नायकांनंतर गावाकडे काय झालं ते कळायला हवं. मार्टिन अलैदा यांच्या कथा कुठे मिळाल्या तर सोडू नका. ते स्वतः काही काळ कैदेत होते, आणि परदेशात म्हातारे झालेल्यांना शोधत फिरून त्यांनी त्यांच्या हकिगती नोंदवल्या आहेत. प्रामुद्यांचे चार खंड शेवटी, पण सलग वाचा. तिसऱ्यानंतर निवेदक बदलला की बरेच वाचक कंटाळून पुस्तक ठेवून देतात. तेवढं करू नका. पांगेमानानची पहिली शंभर पानं रेटून काढा, कारण माणसाला कागदावर कसं कैद करतात हे प्रामुद्यांनी सांगितलं आहे ते तिथेच.